वीज गेली तरी नोंद राहावी : बंद पडलेल्या सर्व्हरविषयी काही उपयुक्त विचार

शाळेची इमारत, तिचे शिक्षक आणि तिचे विद्यार्थी यांचा गौरव स्मरणिकेत नेहमीच होतो. शाळेच्या नोंदींचा गौरव मात्र क्वचितच होतो. वास्तविक जनरल रजिस्टरमधील एक ओळ, म्हणजे विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात आणि दाखल दिनांक, ही आपल्या समाजासाठी केवढी मोलाची आहे हे जातपडताळणीच्या कार्यालयात खेटे घातलेल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दावा सिद्ध करण्याचा भार कायद्याने अर्जदारावर टाकलेला आहे आणि त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा फार महत्त्वाचा ठरतो. ज्यांच्याकडे शेतजमिनीचा उतारा नव्हता, घराचा कागद नव्हता, त्यांच्या नातवंडांना आजोबांच्या शाळेतील एका ओळीने आधार दिला आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने 4 जानेवारी 1925 रोजी याच सोलापुरात वसतिगृह उघडले. त्या चळवळीने आपल्या मुलांना शाळेच्या दारापर्यंत नेले, आणि पर्यायाने शाळेच्या रजिस्टरापर्यंतही नेले.

आज या नोंदींचा मोठा भाग संगणकात गेला आहे. दाखले, गुणपत्रके, वसतिगृहाची हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, जुन्या रजिस्टरांची स्कॅन केलेली पाने, हे सारे बहुतेक निवासी शाळांत एका सर्व्हरवर असते. सर्व्हर म्हणजे कार्यालयातील इतर संगणकांना माहिती पुरविणारा, अखंड चालू राहणारा मुख्य संगणक. एखाद्या वादळी रात्रीनंतर तो सुरूच होत नाही, असे झाले तर काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, हे सर्वांना समजावे म्हणून हा लेखप्रपंच.

दाब वाढतो म्हणजे काय होते?

सोलापूरच्या उन्हाळ्याचा शेवट वळवाच्या पावसाने होतो. मे-जूनमधील विजांचा कडकडाट आणि परतीच्या पावसातील वादळे आपणांस परिचित आहेत. आकाशातील वीज प्रत्यक्ष इमारतीवर पडलीच पाहिजे असे नाही. जवळपास पडलेल्या विजेचा धक्का वीजवाहिनीतून, इतकेच नव्हे तर इंटरनेटच्या किंवा कॅमेऱ्याच्या वायरीतूनही यंत्रापर्यंत पोहोचतो. दुसरे कारण अधिक नित्याचे आहे. आपल्या घरगुती जोडणीत 230 व्होल्ट दाब असतो, तर दोन फेजमधील दाब 400 व्होल्टच्या घरात असतो. खांबावरील न्यूट्रल तार तुटली, की 230 व्होल्टच्या उपकरणांवर त्याहून कितीतरी अधिक दाब येऊ शकतो. दिवे एकाएकी प्रखर होतात, पंखे वेगाने फिरू लागतात. असे दिसताच विचार करीत न बसता मेन स्विच बंद करावा.

पहिली अवस्था : यंत्र निर्जीव आहे

बटण दाबले, पण दिवा नाही, पंख्याचा आवाजही नाही. अशा वेळी पुष्कळांची समजूत होते की सर्व्हर गेला आणि त्यातील माहितीही गेली. ही समजूत बहुधा चुकीची असते. प्रथम बोर्डातील वीज, एमसीबी आणि यूपीएस तपासावा. सॉकेटला दुसरे एखादे साधे उपकरण लावून पाहावे. अनेकदा यूपीएसनेच घाव सोसलेला असतो.

वीज ठीक असेल तर सर्व्हरची वायर काढावी, बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, काही मिनिटे थांबून पुन्हा जोडणी करावी. संरक्षणासाठी स्वतःहून बंद झालेला वीजपुरवठ्याचा भाग कधी कधी एवढ्यानेच पूर्ववत होतो. तरीही यंत्र सुरू न झाल्यास संशय एसएमपीएसवर घ्यावा. बाहेरच्या विजेचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या सौम्य प्रवाहात रूपांतर करणारी ही पेटी धक्क्याला सर्वांत आधी सामोरी जाते आणि पुष्कळदा स्वतः जळून पुढील भाग वाचविते. जळका वास आला तर ती बदलावी. ती उघडण्याचा मोह मात्र कोणी करू नये, कारण वायर काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

दुसरी अवस्था : पंखा फिरतो, पडदा काळा

येथे वजाबाकीची रीत उपयोगी पडते. यंत्र बंद करून जाणकाराने त्यातील अनावश्यक सर्व भाग काढावेत. रॅमची एकच पट्टी ठेवावी, हार्ड डिस्क आणि नेटवर्कच्या वायरी सोडवाव्यात. मग एकेक भाग जोडत जावे. ज्या भागाच्या जोडणीनंतर यंत्र अडते, तो भाग दोषी. सुरू होताना येणाऱ्या 'बीप' आवाजांची संख्याही दोष सांगते, त्यांचा अर्थ कंपनीच्या पुस्तिकेत असतो. मदरबोर्डच जळला असेल तर खर्च होईल हे खरे. परंतु माहिती मदरबोर्डमध्ये राहत नाही, ती डिस्कमध्ये राहते.

डिस्क काढण्यापूर्वी प्रत्येकीवर ती कोणत्या जागी होती तो क्रमांक लिहावा आणि मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. दोन-चार डिस्क मिळून एकत्र काम करणाऱ्या रेड पद्धतीत हा क्रम हरवला, तर पुढचे काम फार अवघड होऊन बसते.

तिसरी अवस्था : यंत्र जागे होते, पण 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश येतो

सर्वांत धोक्याची अवस्था हीच, कारण येथे माणसाच्या घाईने अधिक नुकसान होते. आधी घड्याळ पाहावे. तारीख कित्येक वर्षे मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरील बटणासारखा सेल संपला आहे किंवा बायोसमधील सेटिंग पुसली गेली आहेत, असे समजावे. अशा वेळी डिस्क वाचण्याची पद्धत 'रेड'वरून 'एएचसीआय'वर गेलेली असते किंवा बूटचा क्रम बदललेला असतो. जाणकाराने मूळ सेटिंग पुन्हा लावली की सर्व्हर काही घडलेच नाही असा सुरू होतो. निरोगी डिस्क या क्षुल्लक कारणासाठी फॉरमॅट झाली, तर वर्षानुवर्षांचे श्रम क्षणात पुसले जातात. म्हणून पडद्यावर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइझ' असा प्रश्न आला, तर उत्तर 'नाही' असेच द्यावे आणि थांबावे.

सेटिंग योग्य असूनही डिस्क उघडत नसेल, तर ती दुसऱ्या संगणकाला केवळ वाचण्यापुरती जोडावी आणि प्रथम संपूर्ण प्रत काढून घ्यावी. दुरुस्तीचा प्रयोग त्या प्रतीवर करावा, मूळ डिस्कवर कदापि नाही. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी मूळ हस्तलिखिताला जो नियम लावतो, तोच येथेही लागू पडतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा तिची पट्टी जळलेली दिसत असेल, तर तिला पुन्हा वीज देऊ नये. तिच्यासाठी खास प्रयोगशाळा असतात, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक यशाची शक्यता घटत जाते.

एकाच ठिकाणी ठेवलेले टिकत नाही

दुरुस्तीचे शास्त्र येथे संपते. परंतु दुरुस्ती हाती लागेलच याचा भरवसा नसतो, म्हणून मुळातच एकापेक्षा अधिक प्रती असाव्यात, हा धडा आपल्या परंपरेने फार पूर्वी घेतला आहे. तथागतांचे वचन शतकानुशतके भाणकांच्या मुखी होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात दुष्काळ आणि युद्ध ओढवले. पाठ असलेले भिक्खूच उरले नाहीत तर धम्मही उरणार नाही, या चिंतेने वट्टगामणी राजाच्या काळात अलुविहार येथे त्रिपिटक लिहून काढण्यात आले. पुढे भारतात बौद्ध ग्रंथ लोपले, तरी पाली त्रिपिटक सिंहल आणि ब्रह्मदेशात जगले, आणि कित्येक लुप्त संस्कृत ग्रंथ चिनी व तिबेटी अनुवादांत वाचले. आपल्या धर्मानंद कोसंबींना 1902 साली पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीप गाठावे लागले. तेथे प्रत राहिली होती, म्हणून ते शिकू शकले.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होती. महाराष्ट्र शासनाने 1976 साली समिती नेमली, वसंत मून यांनी संपादनाचे कष्ट उपसले आणि 1979 साली पहिला खंड निघाला. त्यानंतरच ते विचारधन हजारो प्रतींत घरोघर पोहोचले. पेटीतील एकमेव कागद आणि सर्व्हरमधील एकमेव फाइल यांची नाजूकता सारखीच आहे.

म्हणून प्रत्येक शाळेने आपल्या नोंदींच्या तीन प्रती ठेवाव्यात. एक सर्व्हरवर, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या इमारतीत. बाह्य डिस्क प्रत काढून होताच विजेपासून सोडवून कपाटात ठेवावी, कारण जोडून ठेवलेली डिस्क सर्व्हरबरोबरच जळते. रेडमध्ये दोन डिस्क आहेत म्हणून निश्चिंत राहू नये. एकच धक्का दोन्हींना लागतो आणि चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून पुसली जाते. प्रत काढली एवढ्यावर समाधान न मानता ती उघडते का, हे दरवर्षी शाळा भरण्यापूर्वी जूनमध्ये पाहावे. त्याच वेळी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्याला पाणी घालावे लागते. आणि कागदी जनरल रजिस्टर संगणक आला म्हणून कधीही रद्दीत जाऊ देऊ नये.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज वीज आणि संगणकाच्या क्षेत्रांत उत्तम काम करीत आहेत. त्यांनी वर्षातील एक दिवस आपल्या किंवा गावाकडील शाळेच्या कार्यालयासाठी द्यावा, अशी आमची विनंती आहे. पालकांनीही आपल्या वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला शोधून त्याच्या साक्षांकित प्रती दोन घरी ठेवाव्यात. ज्यांची नावे शतकानुशतके कोणत्याच वहीत लिहिली गेली नाहीत, त्यांच्या लेकरांची नावे आता लिहिली गेली आहेत. ती पुसली जाऊ न देणे हे आपणां सर्वांचे कर्तव्य होय.