रीतभात देशोदेशीची – लेखांक ९ : पाकिटात किती?

मागच्या लेखात आपण पंगतीतला आग्रह पाहिला. आज त्याच मंगल कार्यालयात जरा पुढे, नवरानवरीला भेटायला लागलेल्या रांगेत उभे राहू. हातात पाकीट धरलेल्या माणसाच्या मनात इथे दोनच प्रश्न असतात. किती घातले म्हणजे बरं दिसेल, हा एक. आणि आपल्याकडच्या कार्यात यांनी किती घातले होते, हा दुसरा. दुसरा प्रश्न चारचौघांत कुणी विचारत नाही, पण घरातून निघण्याआधी आहेराची जुनी वही चाळलेली असते.

रोख पैसे देणं ही काही समाजांत आळशीपणाची खूण मानतात. भेटवस्तू निवडण्याचे कष्टही घेतले नाहीत म्हणे! पूर्व आशियात मात्र मंगल आणि अमंगल या दोन्ही प्रसंगी रोख रक्कम देणं हाच शिष्टाचार आहे. त्याचे बारकावे सांभाळण्यात जपानचा हात धरणारं कुणी नाही.

तोक्योत नोकरी करणाऱ्या मराठी मुलाला सहकाऱ्याच्या लग्नाचं आमंत्रण आलं, की त्याची पहिली फेरी बँकेत. नोटा कोऱ्या करकरीत हव्यात, कारण कोरी नोट म्हणजे तुम्ही या दिवसाची वाट पाहून तयारी केलीत. मित्राच्या लग्नात साधारण ३०,००० येन देतात, जवळचा नातेवाईक किंवा वरिष्ठ असेल तर ५०,००० किंवा त्याहून जास्त. नोटांची संख्या सम नको, दोन सारखे भाग पडून जोडप्याची फाटाफूट होईल. आपण ५०१ देताना वरचा रुपया ज्या भावनेने ठेवतो, तिच्यापासून हे फार लांब नाही. ऐपत नसलेल्या तरुणांनी २०,००० दिले तर आता चालतं, पण मग दहा हजारांची एक आणि पाच हजारांच्या दोन नोटा घालायच्या, म्हणजे नोटा तीन होतात आणि शास्त्र राखलं जातं. पळवाटा काढण्यात आपणच पटाईत आहोत असा समज असेल तर तो सोडावा.

मग पाकीट. त्यावर वळलेल्या कागदी दोऱ्यांची गाठ असते आणि खरी भाषा या गाठीचीच आहे. लग्नाच्या पाकिटावरची गाठ टोकं धरून ओढली तर आणखी घट्ट बसते, सुटत नाही. बाळाच्या जन्माच्या पाकिटावर फुलासारखी गाठ असते, ती ओढली की सुटते आणि पुन्हा बांधता येते. असा आनंद पुन्हा पुन्हा येऊ दे, हा तिचा अर्थ. लग्नाला बाळाचं पाकीट नेलंत तर पुन्हा पुन्हा लग्न करा असा आशीर्वाद दिल्यासारखं होईल. हे पाकीट खिशातून काढून द्यायचं नाही. रेशमी रुमालात गुंडाळून न्यायचं, दारातल्या टेबलापाशी रुमाल उलगडायचा, पाकीट समोरच्याला वाचता येईल असं फिरवायचं आणि दोन्ही हातांनी पुढे करायचं.

अंत्यविधीला हे सगळं उलटं होतं. दोरे काळे-पांढरे होतात. गाठ न सुटणारीच, कारण हा प्रसंग पुन्हा नको. नोटा वापरलेल्या हव्यात. कोऱ्या नोटा आणल्या तर मरणाची आधीपासून तयारी ठेवली होती असं दिसेल. जवळ कोरीच असेल तर तिला मुद्दाम एक घडी पाडतात. नोटेवरचा चेहरा लग्नाच्या पाकिटात दर्शनी बाजूला, इथे पाठमोरा. पाकिटाच्या मागची वरची घडी लग्नात खालच्या घडीच्या आत जाते, म्हणजे सुख झेलायला तोंड वर उघडं. दुःखात ती बाहेर राहते, म्हणजे दुःख वाहून जावं. आणि नाव लिहायचं ते फिक्या, राखाडी शाईने. शाईत अश्रू पडून ती पातळ झाली, असं त्याचं कारण सांगतात.

इतकं हळुवार सगळं पाहिल्यावर नोटांचं आतलं पाकीट बाहेर काढलं की मराठी माणसाला ठेच लागते. त्यावर रक्कम स्वच्छ लिहिलेली असते, खाली नाव आणि पूर्ण पत्ता. शोकाच्या घरी हिशेब?

हिशेबच, आणि तो पाहुण्याने करून देणं हीच तिथली सभ्यता. कारण ज्या घरात मृत्यू झाला त्या घराला मिळालेल्या रकमेच्या निम्म्या ते एकतृतीयांश किमतीची वस्तू प्रत्येकाला परत पाठवायची असते. बौद्ध रीतीने एकोणपन्नास दिवसांचा काळ संपला की चहा, समुद्री शेवाळाचे पापुद्रे, टॉवेल अशा वस्तू घरोघरी जातात. वापरून संपून जाणाऱ्या, दुःख मागे उरू नये अशा. रक्कम आणि पत्ता लिहिला नाही, तर शोकात बुडालेल्या माणसांना पाकिटं उघडून नोटा मोजत बसावं लागेल आणि कुणाकडे काय पाठवायचं याचा घोळ होईल. म्हणून आपण ज्याला रोकडेपणा म्हणू, तो तिथे घरच्यांचा त्रास वाचवण्याचा प्रकार आहे.

याचं मूळ गावगाड्यात आहे. अंत्यविधी एका कुटुंबाला पेलणारा नव्हता. शेजारी तांदूळ आणत, राबायला येत, आणि कुणी काय आणलं ते वहीत लिहिलं जाई, कारण त्यांच्या घरी वेळ आली की तेवढंच घेऊन जायचं असे. अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या सापडतात आणि इतिहासाचे अभ्यासक त्या वाचतात. जपानी गावात वाळीत टाकलेल्या घरालासुद्धा दोन प्रसंगी मदत करायची रीत होती. एक आग लागली तेव्हा आणि दुसरी घरात मृत्यू झाला तेव्हा.

देण्याघेण्याचं हे ओझं जपान्यांनाही जड होतंच. महायुद्धानंतर लग्न-मयताचा खर्च आटोक्यात आणायची चळवळ निघाली. गुन्मा प्रांतात तिची खूण अजून दिसते: अंत्यविधीच्या ठिकाणी ‘नवजीवन’ अशा अर्थाची पाटी लावलेलं वेगळं टेबल असतं, तिथे थोडी रक्कम द्यायची आणि परतीची वस्तू घ्यायची नाही. होक्काइदोत लग्नाला पाहुण्यांनी ठरलेली वर्गणी भरायची पद्धत आहे, त्यामुळे किती घालावे हा प्रश्नच मिटतो. मला ही व्यवस्था सर्वांत शहाणी वाटते.

आणि हे पाकीट किती जड असू शकतं पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानचे अर्थ, व्यापार आणि उद्योगमंत्री इश्शु सुगावारा यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या सचिवाने मतदारसंघातल्या एका समर्थकाच्या अंत्यविधीत २०,००० येनचं पाकीट दिल्याचं छापून आलं होतं. पुढाऱ्याने स्वतः जाऊन रिवाजाप्रमाणे दिलं तर तिथल्या निवडणूक कायद्याला चालतं. माणसाकरवी पाठवलं तर ती मतदाराला दिलेली देणगी ठरते. मंत्रिपद मिळून त्यांना जेमतेम दीड महिना झाला होता.

दक्षिण कोरियाने तर रक्कमच कायद्यात लिहिली. सप्टेंबर २०१६ पासून सरकारी नोकर, शिक्षक आणि पत्रकार यांना लग्न किंवा मृत्यूच्या प्रसंगी एका व्यक्तीकडून एक लाख वॉनपर्यंतच रोख घेता येऊ लागली. २०१८ मध्ये ही मर्यादा पन्नास हजारांवर आणली. लाच आणि आहेर यांच्यामधली रेघ कुठे ओढायची, याचं इतकं रोखठोक उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. कोरियात लग्नालाही पांढरंच पाकीट चालतं, ते टेबलावर दिलं की जेवणाचं कूपन हातात पडतं. तेच पांढरं पाकीट घेऊन चिनी लग्नात गेलात तर घात झाला, कारण तिथे पांढरं मयताला आणि लाल लग्नाला. शिवाय चिनी लग्नात सम रक्कम शुभ, विषम अशुभ; जपानच्या नेमकं उलट. चार हा आकडा मात्र दोन्हीकडे वर्ज्य.

हे नियम फार प्राचीन असतात असंही नाही. जुलै २०२४ मध्ये दहा हजार येनच्या नव्या नोटेवर उद्योगपती शिबुसावा एइइची आले. हे गृहस्थ विवाहबाह्य संबंधांबद्दलही प्रसिद्ध होते. लगेच समाजमाध्यमांवर चर्चा सुरू झाली, की लग्नात शिबुसावांची नोट देणं बरं नव्हे. नोट कोरी हवी आणि तीही जुन्या मालिकेची, ती बँक कुठून देणार? चर्चा करणाऱ्यांनी याचा विचार केला नव्हता.

आपल्याकडे गावच्या लग्नात ध्वनिक्षेपकावरून ‘अमुक पाहुण्यांकडून एकशे एक रुपये’ असा पुकारा होतो, तेव्हा शहरातले पाहुणे एकमेकांकडे पाहून हसतात. पण तो पुकारा म्हणजे सर्वांसमक्ष दिलेली पावती आहे, जपानी पाकिटावरच्या आकड्याइतकीच सरळ. मयताच्या घरी आपण रोख नेत नाही, पण अनेक समाजांत दहाव्या-तेराव्याला सोयरे दुखवट्याचे कपडे नेतातच, आणि कुणी आणले नाहीत हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. जपान्यांनी ते कागदावर उतरवलं, आपण मनात ठेवलं. भांडणं कुणाकडे जास्त झाली असतील, ते वाचकांनीच ठरवावं.

जपानमध्ये कधी अंत्यविधीला जायची वेळ आलीच, तर घाबरू नका. काळ्या-पांढऱ्या गाठीचं पाकीट आणि फिक्या शाईचं पेन कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानातही मिळतं. मात्र निरोपात पाकीट स्वीकारणार नाही असं कळवलं असेल, आणि अलीकडे तसं वरचेवर कळवतात, तर ते खरं माना. पत्रिकेतल्या ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीकडे आपण जसं पाहतो, तसं पाहू नका.

(पुढच्या आठवड्यात : चपला कुठे काढायच्या?)