अकरा किलोचा ‘सुटसुटीत’ संगणक

आज मुलं दप्तरात लॅपटॉप टाकून कॉलेजला जातात. त्याचा पूर्वज मात्र दप्तरात मावणारा नव्हता. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक मेळ्यात मांडलेला ‘ऑस्बोर्न १’ दिसायला मूठ लावलेल्या शिवणयंत्राच्या पेटीसारखा होता आणि वजन तब्बल अकरा किलो!

पेटीचं झाकण काढलं की त्यातच कळफलक. पडदा अवघा पाच इंची. एका ओळीत ५२ अक्षरं, अशा २४ ओळी. ओळ त्याहून लांब असली तर मजकूर बाजूला सरकवत वाचायचा. आत बॅटरी नव्हती, म्हणजे उचलून कुठंही नेला तरी आधी प्लग शोधणं आलं. (सुटसुटीतपणा हातांनाच ठाऊक!) पण विमानात सीटखाली मावतो, याचंच कौतुक मोठं. शिवाय १,७९५ डॉलरमध्ये यंत्राबरोबर लिखाणासाठी वर्डस्टार आणि हिशेबासाठी सुपरकॅल्क हेही मिळे. एरवी प्रोग्रॅमचे पैसे वेगळे मोजावे लागत. गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या त्या बहुधा यामुळेच.

यंत्राचा आराखडा ली फेल्सेनस्टाइन यांचा. धाडस ॲडम ऑस्बोर्न यांचं. हे ॲडम वाढले आपल्या शेजारच्या तमिळनाडूत. जन्म १९३९चा, बँकॉकचा. महायुद्धात वडील आर्थर ऑस्बोर्न जपान्यांच्या कैदेत सापडले आणि आई मुलांसह तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या आश्रमाजवळ राहिली. युद्ध संपल्यावरच वडील परतले. घरात एक भाषा, अंगणात तमिळ, असं ते बालपण. घरी मराठी नि गल्लीत कन्नड बोलणाऱ्या आपल्या पोरांना त्यात नवल वाटायचं नाही.

ऐन भरात महिन्याला दहा हजारांपर्यंत यंत्रं खपली. आणि १९८३च्या सुरुवातीला ॲडमनी पुढच्या, सुधारित यंत्राची वाच्यता बाजारात येण्याआधीच केली. ‘नवा येतोय, मग जुना कशाला?’ म्हणून विक्रेत्यांनी मागण्या थांबवल्या. सप्टेंबरात कंपनीनं दिवाळं काढलं. व्यापारात अशा घाईला ‘ऑस्बोर्न परिणाम’ म्हणतात. खरं तर सगळा दोष त्या घोषणेवर टाकणं अन्यायाचं आहे. नऊ इंची पडद्याचा केप्रो आणि आयबीएमचा पीसी तोवर दारात उभे होतेच.

पुढं आजारपण जडलं तेव्हा ॲडम भारतात बहिणीकडे परतले. १८ मार्च २००३ रोजी कोडाईकनालला त्यांचं निधन झालं.