एक यंत्र, अनेक हात : विद्यापीठांतील सामाईक उपकरण-केंद्रे आणि आपला परिसर

वैद्यकशास्त्राची प्रगती ही बऱ्याच अंशी उपकरणांची प्रगती आहे. सूक्ष्मदर्शक आला आणि रोगजंतू दिसू लागले. क्ष-किरण आले आणि देहाचे अंतरंग उलगडले. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत ही उपकरणे इतकी महाग, नाजूक आणि गुंतागुंतीची झाली आहेत, की प्रत्येक प्राध्यापकाने, प्रत्येक विभागाने किंवा प्रत्येक विद्यापीठाने ती स्वतंत्रपणे बाळगणे शक्य राहिलेले नाही. या अडचणीतून जगभर एक व्यवस्था आकाराला आली. महागडे उपकरण एका ठिकाणी ठेवायचे, ते चालविणारा तज्ज्ञ तेथेच नेमायचा आणि गरजू संशोधकांनी आपापले नमुने घेऊन तेथे जायचे. यालाच सामाईक उपकरण-केंद्र म्हणतात. पांढुर्णा-सौंसरसारख्या, मोठ्या विद्यापीठांपासून दूर असलेल्या भागातील डॉक्टरांना आणि नागरिकांना या व्यवस्थेशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. २०२५ सालच्या दुःखद घटनेने त्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. त्याकडे आपण पुढे वळूच. आधी ही व्यवस्था समजून घेऊ.

सामाईकपणा का आवश्यक?

आपल्या शेतकरी समाजाला हे तत्त्व नवे नाही. मळणीयंत्र प्रत्येकाच्या अंगणात नसते. हंगामात ते शेतोशेती फिरते आणि ज्याचे काम असेल तो भाडे देतो. विज्ञानातील यंत्रांबाबत मात्र केवळ खरेदीची किंमत हे एकमेव कारण नाही. एनएमआर यंत्राचेच उदाहरण घ्या. रेणूची रचना उलगडणाऱ्या या यंत्रातील अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानात बुडवून ठेवावा लागतो. दिवसभरात एकही नमुना तपासला नाही, तरी हेलियम उडत राहतो आणि तो वेळोवेळी भरावा लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला उत्तम निर्वात, स्थिर वीजपुरवठा आणि कंपनरहित जमीन लागते. अशी यंत्रे बंद ठेवली तरी खर्च करतात. म्हणून ती जितक्या अधिक लोकांनी वापरावीत, तितका प्रत्येक नमुन्यामागचा भार कमी होतो.

दुसरे कारण माणसाचे आहे. यंत्राने काढलेला आलेख वाचता येणे, नमुना कोठे बिघडला हे ओळखणे, यंत्राचे अंशांकन नियमित करणे हे काम वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. पीएच.डी. करणारा विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो. केंद्रातील तंत्रज्ञ मात्र टिकून असतो. संस्थेची स्मृती अशा माणसाच्या हातात असते.

भारतातील वाटचाल

आपल्या देशात केंद्र शासनाचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग १९७१ मध्ये स्थापन झाला आणि त्याच दशकात या विभागाने प्रादेशिक प्रगत उपकरण केंद्रांची योजना हाती घेतली. मुंबईच्या आयआयटीत असे केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. मद्रास, लखनौ, चंदीगड, शिलाँग यांच्याबरोबर आपल्या नागपूर विद्यापीठालाही या साखळीत स्थान मिळाले होते. विदर्भातील रसायनशास्त्राच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या अनेक प्रबंधांच्या ऋणनिर्देशात या केंद्रांची नावे आढळतात. पुढे ही योजना 'सैफ' या संक्षिप्त नावाने ओळखली जाऊ लागली. दिल्लीच्या एम्समधील असे केंद्र मुख्यतः इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी आहे, ही बाब वैद्यक व्यावसायिकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच विचाराचा दुसरा प्रवाह विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आंतर-विद्यापीठ केंद्रांचा. त्यांतील पहिले केंद्र दिल्लीत १९८४ मध्ये कणत्वरकासाठी स्थापन झाले. १९८८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली 'आयुका' उभी राहिली. लहानशा महाविद्यालयातील प्राध्यापकालाही तेथे येऊन खगोलशास्त्राचे अव्वल दर्जाचे काम करता यावे, हा तिचा मूळ हेतू होता. आपल्या मध्य प्रदेशात इंदूरला अशाच पद्धतीचे केंद्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या त्या संयुक्त केंद्रात अतिशीत तापमान आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील प्रयोगांसाठी देशभरातील विद्यापीठांचे संशोधक येतात.

इंदूरचाच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा प्रकल्प तर सामाईक यंत्राचे भव्य रूप आहे. या केंद्राची पायाभरणी १९८४ मध्ये झाली. सागरला जन्मलेले डॉ. दिलीप भवाळकर हे त्याचे संस्थापक संचालक. तेथील 'इंडस-१' हे सिंक्रोट्रॉन १९९९ मध्ये कार्यान्वित झाले. त्यानंतरच्या 'इंडस-२'चा परीघ सुमारे १७२ मीटर आणि ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. वर्तुळाकार मार्गात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून निघणारे प्रखर क्ष-किरण वेगवेगळ्या वाटांनी बाहेर काढले जातात आणि प्रत्येक वाटेवर वेगळा प्रयोग चालतो. त्यांतील एक वाट प्रथिनांच्या स्फटिकांची रचना शोधण्यासाठी आहे. एखादे औषध प्रथिनाच्या नेमक्या कोणत्या खाचेत बसते, हे समजण्याची ती वाट होय.

अलीकडच्या काळात प्रश्न निराळा झाला. यंत्रे आली, पण कोणते यंत्र कोठे आहे हेच ठाऊक नसे. एका संस्थेत यंत्र धूळ खात पडलेले आणि शेजारच्या संस्थेत त्याच यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव, असे विसंगत चित्र दिसे. यावर उपाय म्हणून जानेवारी २०२० मध्ये 'आय-स्टेम' हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या उपकरणांची तेथे नोंद होते आणि बाहेरच्या संशोधकाला वेळ आरक्षित करता येते. २०२२ मध्ये उपकरणे सामाईकपणे वापरण्याची व त्यांची निगा राखण्याची मार्गदर्शक तत्त्वेही शासनाने जाहीर केली.

काम कसे चालते?

रीत साधारणतः सारखीच असते. संशोधक विभागप्रमुखाच्या स्वाक्षरीने अर्ज करतो. नमुना कशाचा, त्यात विषारी किंवा संसर्गजन्य काही आहे काय, आणि नेमके काय शोधायचे आहे, हे लिहून देतो. शुल्काचे दर बहुधा तीन प्रकारचे असतात : विद्यापीठांना कमी, शासकीय प्रयोगशाळांना मध्यम आणि उद्योगांना अधिक. मग क्रमाने नमुना तपासला जातो.

यातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित टप्पा म्हणजे नमुन्याची तयारी. मूत्रपिंडाच्या बायोप्सीची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करायची असेल, तर ऊतीचा बारीक तुकडा ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवावा लागतो; तो थंड ठेवावा, पण गोठवू नये. नेहमीच्या फॉर्मेलिनमध्ये टाकून पाठविलेल्या तुकड्यातून हवी तितकी सूक्ष्म रचना मिळेलच असे नाही. आल्पोर्ट विकारासारख्या काही आजारांचे निदान पटलाच्या जाडीवरून होते. तेथे ही निष्काळजी महागात पडते. उत्तम यंत्रही वाईट नमुन्यातून चांगले उत्तर काढू शकत नाही.

छिंदवाड्याची घटना

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या घटनेकडे वळू. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या परासिया भागातील लहान मुले साध्या सर्दी-तापानंतर मूत्रपिंड निकामी होऊन दगावू लागली. अनेकांना उपचारार्थ नागपूरला हलविण्यात आले. छिंदवाडा, बैतूल आणि आपला पांढुर्णा या जिल्ह्यांतील मिळून वीसहून अधिक बालके गेली. मूत्रपिंडाच्या बायोप्सीने विषारी द्रव्याकडे बोट दाखविले. ऑक्टोबरच्या आरंभी तामिळनाडूच्या शासकीय प्रयोगशाळेने 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधाच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचे जाहीर केले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

हे द्रव्य गोडसर, रंगहीन आणि औषधी प्रोपिलीन ग्लायकॉलसारखेच दिसणारे असते. डोळ्यांनी, वासाने किंवा चवीने फरक कळत नाही. शरीरात त्याचे डायग्लायकॉलिक आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशी नष्ट करते. वायुरूप वर्णलेखन, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, या यंत्रात मिश्रणातील घटक लांब, बारीक नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि प्रत्येकाचे प्रमाण आलेखावर उमटते. योग्य नमुना योग्य यंत्रापर्यंत पोहोचला, की हे निदान दिवसांच्या नव्हे, तासांच्या आवाक्यातले आहे. खरा विलंब असतो तो संशय येण्यात आणि नमुना पोहोचण्यात.

हे विषही नवे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषध याच द्रव्यात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक जीव गेले. तेव्हाही गुन्हेगार द्रव्य ओळखले ते प्रयोगशाळेने. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते, यंत्रे उपलब्ध होती; रुग्णशय्या आणि यंत्र यांच्यामधला रस्ता मात्र प्रत्येक वेळी नव्याने शोधावा लागला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. विद्यापीठातील सामाईक केंद्राचा अहवाल संशोधनासाठी असतो; न्यायालयात किंवा औषधावरील कारवाईत तो चालत नाही. औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा, १९४० नुसार तो अधिकार शासकीय विश्लेषकाचा आहे. त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार कोणताही ग्राहक विहित शुल्क भरून औषध तपासणीसाठी शासकीय विश्लेषकाकडे देऊ शकतो, ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. मग विद्यापीठीय केंद्राचे महत्त्व कशात? ते मनुष्यबळात. शासकीय औषध प्रयोगशाळेत, रुग्णालयात किंवा औषध कारखान्याच्या गुणनियंत्रण विभागात जो विश्लेषक पुढे बसणार आहे, त्याचा हात प्रथम बसतो तो विद्यापीठाच्या यंत्रावर. जेथे विद्यार्थ्याने यंत्र फक्त पुस्तकातील आकृतीत पाहिले, तेथे असा विश्लेषक घडत नाही.

त्रुटी आणि अपेक्षा

या व्यवस्थेचे दोषही सांगितले पाहिजेत. यंत्र खरेदीला अनुदान मिळते. वार्षिक देखभालीच्या कराराला मिळेलच असे नाही. सुटा भाग परदेशातून येईपर्यंत यंत्र महिनोन्महिने बंद राहते. तंत्रज्ञांना बढतीची वाट नसते, म्हणून कुशल माणसे उद्योगांकडे वळतात. मोठ्या शहरांतील केंद्रांत नमुन्यांची रांग लांबते आणि लहान गावातील संशोधकाला प्रवासखर्च परवडत नाही.

आपल्या भागापुरते पाहिले, तर या व्यवस्थेची गरज तीन ठिकाणी ठळक दिसते. पहिले ठिकाण सिकलसेल. मध्य प्रदेशातील शहडोल येथून १ जुलै २०२३ रोजी या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. गावात साध्या चाचणीने चाळणी होऊ शकते. पण वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे निश्चित करण्यास एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागते. दुसरे ठिकाण संत्रा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विषाणूंचे निदान प्रयोगशाळेत होते आणि रोगमुक्त कलमांचा पाया तेथे घातला जातो. एका बागाईतदाराला हे एकट्याने शक्य नाही. तिसरे ठिकाण म्हणजे आपली महाविद्यालये. छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठासारख्या तरुण विद्यापीठाने सर्व यंत्रे विकत घेण्याचा हव्यास न धरता इंदूर, सागर आणि नागपूर येथील संस्थांशी नमुना-पाठवणीचे आणि विद्यार्थी-प्रशिक्षणाचे करार करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आपल्यासारख्या डॉक्टरांच्या संघटनेला दोन गोष्टी सहज करता येतील. एक, कोणता नमुना कशात ठेवून, किती वेळात, कोणाकडे पाठवायचा याचे एक पानी टिपण प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावे. संशयित औषधाची मूळ बाटली फेकू नये, दुसऱ्या भांड्यात ओतू नये आणि वेष्टनावरील बॅच क्रमांक जपावा, ही सूचना त्यात पहिली असावी. औषधाच्या दुष्परिणामाचा संशय येताच राष्ट्रीय औषध-सुरक्षा कार्यक्रमाकडे कळविणे ही दुसरी. दोन, विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची वर्षातून एक सहल एखाद्या उपकरण-केंद्राला न्यावी.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि शासकीय कार्यालये जवळ आली. प्रत्येक यंत्र जवळ येणार नाही, आणि यावे अशी अपेक्षाही नको. पण पांढुर्णा-सौंसरच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला संशय आला, तर त्याने कोणाला फोन करावा आणि बाटली कोणाच्या हाती द्यावी, हे त्या क्षणी शोधावे लागू नये. एवढी तयारी यंत्राविनाही करता येते, आणि ती आपल्याच हातात आहे.