परत उतरण्याची विद्या

महाभारतांत अश्वत्थामा व अर्जुन या दोघांनींही ब्रह्मास्त्र सोडलें. परंतु त्याचा उपसंहार, म्हणजे तें परत घेणें, एकट्या अर्जुनासच साधलें. उड्डाणाच्या विद्येचेंही तसेंच आहे.

हेलिकॉप्टरचें एंजिन हवेंत बंद पडलें, तर तें दगडासारखें कोसळेल, असा आमच्या घरांतील मुलांचा समज होता. वस्तुतः तसें नाहीं. माधवीलतेचें त्रिपंखी फळ गळतांना पाहावें. तें भिरभिरत सावकाश खालीं येतें. एंजिन थांबतांच वैमानिक पात्यांचा तिरपेपणा तत्काळ कमी करतो. खालून येणारी हवा पात्यांना फिरवीत ठेवते. भूमि जवळ आली कीं तिरपेपणा पुन्हां वाढवून, पात्यांत साठलेल्या वेगावर तो यंत्र अलगद टेकवतो. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनीं १९२३ सालीं अशाच वाऱ्यानें फिरणाऱ्या पात्यांवर आपलें विमान उडवून दाखविलें होतें.

मात्र पातीं धड असतील तरच हा उपाय चालतो. मोडलेल्या पात्यास आकाशांत औषध नाहीं; त्याचा दोष भूमीवरच शोधावा लागतो. आणि ती परीक्षाही निर्धोक नसते, हें आपल्या विदर्भानेंच पाहिलें आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगीचा शेख इस्माईल हा आठवीपर्यंत शिकलेला, कपाटें व कूलर बनविणारा तरुण कारागीर. त्यानें स्वतः हेलिकॉप्टर बांधलें. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्रीं तें चालवून पाहत असतां शेपटीकडील पंख्याचें पातें तुटून वरच्या मोठ्या पात्यावर आदळलें. तें मोठें पातें त्याच्या मस्तकास लागलें आणि त्याचा अंत झाला.

असली खटपट करणाऱ्या मुलांना मीं वर्गांत "आधीं पुस्तक उघड" म्हणून दटावीत असें. आज त्याची खंत वाटते. आपल्या घरीं असा मुलगा अगर मुलगी असेल, तर नुसतें दटावूं नये आणि नुसती पाठही थोपटूं नये. नागपुरांत विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेसारखीं विद्यास्थानें आहेत. कोणा जाणत्यास गांठून तें यंत्र दाखवावें. फिरणारें पातें प्रथम पक्कें बांधून, माणसांनीं दूर आडोशास उभें राहूनच पाहावें, एवढी शिस्त तरी वडील माणसांनीं त्यास लावून द्यावी.