मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात जाळी: कोणती औषधे, किती घाई?

पट्टी काढल्यावर स्वच्छ दिसले, पण दोन-चार दिवसांनी पुन्हा धूसर झाले, तर "जखम ओली आहे, बसेल हळूहळू" म्हणून थांबू नका.

जाळी कशाची?
ऑपरेशननंतर डोळ्यात थोडी सूज येतेच. ती जास्त झाली की रक्तातील प्रथिने डोळ्यातील पाण्यात झिरपतात आणि फायब्रिनचे धागे तयार होतात. जखमेवर रक्त गोठते ते याच धाग्यांमुळे. बाहुलीवर किंवा नव्या लेन्सवर त्यांची पांढुरकी जाळी बसते. मधुमेह असल्यास, डोळ्याला आधी सूज येऊन गेली असल्यास किंवा ऑपरेशन लांबल्यास हा धोका वाढतो.

उपचार
• स्टिरॉइडचे थेंब (प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन): जाळी दाट असेल तर सुरुवातीला तासातासाला. बहुतेकांची जाळी यानेच विरघळते. बरे वाटले म्हणून थेंब एकदम बंद करू नका. डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून तपासणी चुकवू नका.
• बाहुली मोठी करणारे थेंब (होमॅट्रोपिन, अ‍ॅट्रोपिन): बाहुलीची कड लेन्सला चिकटू नये म्हणून. काही दिवस जवळचे अंधूक दिसते आणि उजेड सहन होत नाही.
• अल्टेप्लेज: लकव्यात मेंदूतील गाठ विरघळवणारे हेच औषध. थेंबांनी भागले नाही, तर नेत्रतज्ज्ञ त्याचा अगदी अल्प डोस डोळ्याच्या पुढच्या भागात टोचतात. जाळी बहुधा काही तासांत सुटते, पण रक्तस्रावाचा धोका असल्याने ते सर्वांना देत नाहीत.

हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी ही जाळी विरघळवत नाही. ती स्वतःहून वाढवू नका, बंदही करू नका.

सर्वांत महत्त्वाचे
डोळ्यात जंतुसंसर्ग झाला तरी सुरुवात अशीच दिसू शकते. वाढते दुखणे, लाली, पापणीला सूज, झपाट्याने कमी होणारी नजर, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. तेव्हा डोळ्याच्या आत अँटिबायोटिकचे इंजेक्शन लागते आणि काही तासांच्या उशिरानेही नजर जाऊ शकते. दुखणे नसले तरी संसर्ग नाही असे समजू नका. मेडिकलमधून परस्पर थेंब आणून टाकू नका.

रिद्धपूर, मोर्शी भागात कापूस वेचणी किंवा संत्र्याची तोड चालू असली, तरी अमरावतीला जाणे उद्यावर ढकलू नका. जाताना ऑपरेशनचे कार्ड, चालू औषधे आणि साखरेचा रिपोर्ट सोबत घ्या.