मेंदूवरील उपच्छाया

पेलाभर पाण्यात शाईचे दोन थेंब टाका आणि तो पेला नळाच्या बारीक धारेखाली धरा. पाणी काठावरून वाहू लागेल आणि शाईचा रंग हळूहळू फिका होईल. नळ मोठा सोडलात, तर तोच रंग झटकन नाहीसा होईल. म्हणजे नळाकडे मुळीच न पाहता, रंग किती वेळात फिका पडला यावरून धार केवढी आहे हे सांगता येते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ नील्स लासेन (१९२६-१९९७) यांच्या संशोधनाच्या मुळाशी हेच साधे तत्त्व आहे.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न मात्र साधा नव्हता. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्केच. पण शरीराला विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटाच वापरतो. दर १०० ग्रॅम मेंदूतून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. ही झाली सरासरी. पण कोणत्या भागात किती रक्त जाते, हे बंद कवटीच्या बाहेरून कसे ओळखावे?

लासेन आणि स्वीडनचे डेव्हिड इंग्वार यांनी शाईऐवजी किरणोत्सारी वायू वापरला. १९६१ साली त्यांनी क्रिप्टॉन-८५ घेऊन सुरुवात केली. पुढे झेनॉन-१३३ वापरात आला. मिठाच्या पाण्यात विरघळवलेला हा वायू मानेतील धमनीत सोडीत. झेनॉन शरीरात कशाशीही रासायनिक संयोग पावत नाही. तो मेंदूत शिरतो आणि वाहते रक्त त्याला पुन्हा धुऊन नेते. त्याचे गॅमा किरण कवटी भेदून बाहेर येतात. ते टिपण्यासाठी डोक्याच्या बाजूला २५४ शोधक बसविले होते. जेथे किरण लवकर मंदावले, तेथे रक्त अधिक. रुग्णाने एक हात हलविला, की मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या ठराविक भागातील प्रवाह वाढलेला दिसे!

आता उलटा प्रश्न. प्रवाह घटला तर काय होते? रक्ताची गुठळी अडकून मेंदूची धमनी बंद झाली, की पक्षाघात होतो. १९७७ साली जेन्स अस्ट्रुप, लिंडसे सायमन, ब्रॅन्स्टन आणि लासेन यांनी बबून माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. प्रवाह १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे १५ मिलिलिटरपर्यंत उतरला, की मज्जापेशींचे विद्युत्संदेश थांबत. परंतु पेशींतील पोटॅशियम मोठ्या प्रमाणावर बाहेर पडे, ते प्रवाह सुमारे ६ पर्यंत उतरल्यावर. या दोन आकड्यांच्या मधल्या पेशी मुक्या झालेल्या असतात, मेलेल्या नसतात.

ग्रहणाच्या धड्यात तुम्ही प्रच्छाया आणि उपच्छाया शिकला आहात. प्रच्छायेत प्रकाश मुळीच पोचत नाही. उपच्छायेत थोडा पोचतो. १९८१ साली अस्ट्रुप, सीस्यो आणि सायमन यांनी पक्षाघातातील या मधल्या प्रदेशाला उपच्छायेचेच नाव दिले.

पण ही उपच्छाया टिकत नाही. प्रवाह परतला नाही, तर ती प्रच्छायेत बुडते. मोठी धमनी बंद राहिल्यास सरासरीने दर मिनिटाला १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. १९९५ साली अमेरिकेतील चाचणीत, तीन तासांच्या आत दिलेल्या गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा लाभ सिद्ध झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी, नळी घालून गुठळी बाहेर ओढण्याचा उपायही उपयुक्त ठरविला. मात्र काही वेळा धमनी फुटूनही पक्षाघात होतो आणि तेव्हा हेच औषध घातक ठरते. म्हणून मेंदूचे चित्र आधी घ्यावे लागते. ते घरी होत नाही.

तेव्हा घरात कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तेल चोळीत बसू नका. 'सकाळी पाहू' असे कोणी म्हणाले, तर त्यांना उपच्छायेची गोष्ट सांगा. पण १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावल्यानंतर! लक्षणे किती वाजता सुरू झाली, ते मात्र लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतील.