अंगावरची प्रयोगशाळा (लेखांक ५) : घाम काय सांगतो?

दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर आपण गेल्या आठवड्यात पाहिला. त्याची बारीक तार कातडीखाली जाते. आज सुईच्या वाटेला न जाता, नुसत्या घामातून पोषण मोजण्याच्या खटपटीकडे वळू.

पहिला प्रश्न, घाम आणायचा कुठून? जेवून खुर्चीत बसलेल्या माणसाला त्यासाठी कोणी पळायला लावणार नाही. यावरचा उपाय जुना आहे. १९५९ साली गिब्सन आणि कुक यांनी पायलोकार्पिन हे औषध विजेच्या अगदी सौम्य प्रवाहाने कातडीत सरकवलं आणि तेवढ्याच जागी घाम आणला. सिस्टिक फायब्रोसिसचं निदान करताना घामातलं क्लोराइड आजही याच रीतीने तपासतात. अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये वेई गाओ यांच्या गटाने २०२२ मध्ये मांडलेल्या पट्टीत युक्ती तीच, औषध मात्र कार्बाकोल. त्याचा परिणाम आजूबाजूच्या घर्मग्रंथींवरही होतो.

खरी गंमत पुढे आहे. ग्लुकोज ओळखायला नेमकं विकर मिळतं. प्रत्येक अमिनो आम्लासाठी आणि जीवनसत्त्वासाठी तसं कुठून आणणार? म्हणून या गटाने साचे केले. पेणच्या कारखान्यात मूळ मूर्तीभोवती साचा ओततात ना, तसंच ल्युसिनच्या रेणूभोवती प्लास्टिकसारखं बहुवारिक जमवायचं आणि मग ल्युसिन धुऊन काढायचं. उरलेल्या खाचेत ल्युसिनच नीट बसतं. खाचा भरत जातात तसा खालच्या ग्राफीनच्या इलेक्ट्रोडवरचा विद्युतसंकेत बदलतो, त्यावरून प्रमाण कळतं. मोजून झालं की विजेनेच खाचा रिकाम्या करता येतात, त्यामुळे तीच पट्टी पुन्हा वापरता येते. आहारातून मिळवावीच लागणारी नऊही अमिनो आम्लं या पद्धतीने टिपता आली. क जीवनसत्त्वासाठी मात्र विकर उपलब्ध आहे. सॅन दिएगोच्या विद्यापीठात २०२० मध्ये त्यावर बेतलेली पट्टी दाखवली गेली. गोळी किंवा फळांचा रस घेतल्यावर घामातलं क जीवनसत्त्व कसं वर जातं, हे तिने टिपलं.

म्हणजे काम फत्ते झालं का? माझ्या मते अजून नाही. घाम वाढला की त्यातल्या घटकांचं प्रमाण बदलतं, कपाळाचा घाम आणि पाठीचा घाम सारखा नसतो. शिवाय सेरिनसारखी काही अमिनो आम्लं कातडीच्या वरच्या थरातच तयार असतात. ती घामात मिसळली की आकडा जेवणाचा की कातडीचा, हे सांगणं कठीण. एकाच माणसाचा चढउतार पाहायला ही पट्टी कामाची आहे, पण तुमचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडू नका.

आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ज्याची सर्वाधिक काळजी करायला हवी, त्या बी-१२ बद्दल घामाकडून सध्या तरी आशा ठेवू नये. ते रक्तातच लिटरमागे काहीशे नॅनोग्रॅम इतकं थोडं असतं. हातापायांना मुंग्या येत असतील, थकवा जात नसेल, तर कुठल्याही पट्टीची वाट न पाहता डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या.